‘आत यायला भाग पाड’ : एका आक्षेपाला उत्तर

नमस्कार,

कुराण आणि बायबल यांतल्या हिंसेबद्दल मी जे लिहिले, त्यावरची तुमची प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. ती ग्रंथ उघडून लिहिलेली आहे, त्यामुळे दोन ओळींत उत्तर देणे बरे दिसणार नाही. तुमचे म्हणणे थोडक्यात असे: कुराणात मूर्तिपूजक सापडतील तिथे त्यांना मारण्याचा थेट हुकूम आहे (९:५), बायबलच्या नव्या करारात, म्हणजे येशूपासून सुरू होणाऱ्या भागात, तसा एकही नाही. म्हणून ख्रिस्ती देशांत अनेक धर्मांचे लोक एकत्र नांदू शकले, मुस्लिम देशांत ते होणार नाही. मी मात्र दोघांना एकाच मापाने मोजले, आणि कुराणातली सोयीची वाक्ये तेवढी वेचली, असा तुमचा आरोप.

वेचल्याचा आरोप आधी घेतो, कारण तो खरा आहे. ‘एका माणसाला मारणे म्हणजे सगळ्या मानवजातीला मारणे’ हे वाक्य मी दिले (५:३२). मूळ आयत बनी इस्राईलला, म्हणजे ज्यूंना, उद्देशून आहे, तिच्यात खून आणि पृथ्वीवर फसाद माजवणे असे दोन अपवाद आहेत, आणि पुढच्याच आयतीत त्या फसादासाठी सुळावर चढवण्यापासून हातपाय तोडण्यापर्यंतच्या शिक्षा आहेत. वाक्य मधूनच तोडून दिले, ही माझी चूक.

पण ९:५ बद्दल तुम्हीही तेच केले आहे. तिच्या आधीची आयत सांगते की ज्या मूर्तिपूजकांनी तुमच्याशी केलेला करार मोडला नाही, त्यांच्याशी तो मुदत संपेपर्यंत पाळा. तिच्या नंतरची सांगते की त्यांच्यापैकी कोणी आश्रय मागितला तर द्या, त्याला ईश्वराचे वचन ऐकू द्या आणि मग सुरक्षित जागी पोचवा. या तिन्ही सलग वाचल्या तर समोर येतो तो एका चालू युद्धातला, करार मोडणाऱ्यांविरुद्धचा हुकूम. तरीही इथे तुमचे पारडे जड आहे, हे मी नाकारणार नाही. अनेक जुन्या भाष्यकारांनी ‘नस्ख’च्या, म्हणजे नंतरच्या आयतीने आधीची रद्द होते या तत्त्वाच्या आधारे, ९:५ ने सहिष्णुतेच्या कितीतरी आयती रद्द झाल्या असे मानले. ‘धर्मात जबरदस्ती नाही’ (२:२५६) हीसुद्धा काहींनी त्यात धरली. हा अर्थ विरोधकांनी लावलेला नाही, परंपरेतल्याच विद्वानांनी लावलेला आहे. आज इस्लामच्या बाजूने बोलणारे बरेच जण ही गोष्ट टाळतात. त्यांनी ती टाळू नये असे मला मनापासून वाटते.

आता तुमचा मुख्य मुद्दा. नव्या करारात असा हुकूम नाही, खरे आहे. पण त्याच नव्या करारातल्या लूकच्या शुभवर्तमानातला मेजवानीचा दाखला, म्हणजे येशूने सांगितलेली बोधकथा, आठवा. यजमानाने बोलावलेले पाहुणे सबबी सांगतात, मग तो चाकराला पाठवून गरीब, लंगडे, आंधळे यांना आणवतो. तरी जागा उरते, तेव्हा म्हणतो: रस्त्यांवर, कुंपणांपाशी जा आणि लोकांना आत यायला भाग पाड (१४:२३). गोष्ट जेवणाची आहे. ताटे वाढलेली आहेत, यजमानाला घर भरलेले हवे आहे. तिच्यात कुठे तलवार नाही.

त्याच ओळीचे पुढे काय झाले ते पाहा. पाचव्या शतकाच्या आरंभी उत्तर आफ्रिकेत हिप्पोचा बिशप ऑगस्टीन मुख्य चर्चपासून फुटलेल्या डोनाटस पंथाच्या ख्रिस्ती लोकांशी झगडत होता. श्रद्धेत बळजबरी नको, हे त्याचे सुरुवातीचे मत. साधारण ४०८ साली एका विरोधी बिशपला लिहिलेल्या पत्रात तो स्वतःच सांगतो की ते मत बदलले. कारण काय, तर त्याचे स्वतःचे गाव आधी डोनाटसवाद्यांचे होते आणि सम्राटाच्या फर्मानांच्या धाकाने ते मुख्य चर्चकडे आले. धाक दाखवून माणसे सुधारतात, असा त्याचा अनुभव. आधाराला त्याने लूकची हीच ओळ घेतली. मला हे पत्र फार अस्वस्थ करते, कारण लिहिणारा क्रूर नाही. डोनाटसवाद्यांना मृत्युदंड देऊ नका अशी विनवणी त्यानेच केली होती. पण दार उघडले ते उघडलेच. १५५०-५१ मध्ये स्पेनमधल्या व्हायादोलिदच्या वादात सेपुलवेदा या विद्वानाने अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांवरच्या युद्धाचे समर्थन करताना तोच दाखला पुढे केला. १६८५ मध्ये चौदाव्या लुईने प्रोटेस्टंटांना धर्म पाळण्याची मुभा देणारे नांतचे फर्मान रद्द केले, तेव्हा फ्रान्सच्या प्रोटेस्टंटांवरच्या सक्तीलाही ऑगस्टीनचाच आधार दिला गेला. त्याच वर्षी पिएर बेल या विचारवंताचा भाऊ तुरुंगात मेला. पुढच्या वर्षी बेलने लूकच्या त्या एका वचनावर आख्खा ग्रंथ लिहायला घेतला: ज्या अर्थाने गुन्हा करणे कर्तव्य ठरते, तो अर्थ खोटाच असला पाहिजे.

त्यामुळे ‘हुकूम नाही म्हणून हिंसा नाही’ हे समीकरण टिकत नाही. उलट बाजूही तशीच. जिझियाची, म्हणजे बिगर-मुस्लिमांवरच्या कराची, आयत (९:२९) अकबरासमोर होती आणि औरंगजेबासमोरही. एकाने १५६४ मध्ये कर उठवला, दुसऱ्याने १६७९ मध्ये पुन्हा बसवला. आयतीचा एक शब्द बदलला नव्हता.

ख्रिस्ती देश नव्या करारामुळे बहुसांस्कृतिक झाले, हेही मला पटत नाही. १४९१ च्या ग्रानादाच्या तहात मुसलमानांना धर्म पाळण्याची हमी होती; दहा वर्षांच्या आतबाहेर त्यांचे सक्तीने बाप्तिस्मे झाले. १४९२ मध्ये स्पेनने हाकललेल्या ज्यूंना उस्मानी (ऑटोमन) सुलतान दुसऱ्या बायझीदने आसरा दिला. अर्थात तेच उस्मानी राज्य ख्रिस्ती घरांतली मुले सैन्यासाठी उचलून नेत असे, आणि तिथे मिळत होते ते संरक्षण होते, समान हक्क नव्हे. धर्मस्वातंत्र्य हा माणसाचा हक्क आहे असे कॅथॉलिक चर्चने अधिकृतपणे म्हटले ते १९६५ मध्ये, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत. १८६४ मध्ये त्याच चर्चच्या पोपने त्या दिशेचे विचार चुकांच्या यादीत टाकले होते. मधल्या शंभर वर्षांत नवा करार तोच होता; बदल घडवला तो युद्धांनी, राज्यघटनांनी आणि ज्यूंच्या संहारानंतरच्या शरमेने.

तरी तुमच्या म्हणण्यातला एक भाग माझ्याकडे उरतोच. मेजवानीच्या दाखल्यातून तलवार काढायला बरीच कसरत करावी लागते. ९:५ मध्ये ती आधीच आहे. तिथे संदर्भ समजावण्याचे काम अधिक कठीण आहे, आणि आजही काही मुस्लिम देशांत धर्म सोडणे हा कायद्याने गुन्हा आहे. या बाबतीत दोन्ही बाजू सारख्या आहेत असे मी म्हणणार नाही.

शेवटी तुम्ही विचारले आहे की मुस्लिम जगात बेलसारखे कोणी झाले का. सुदानचे महमूद मोहम्मद ताहा, पेशाने अभियंते. मक्केत आधी उतरलेल्या आयती सर्वकाळासाठी, मदिनेत नंतर उतरलेल्या कायद्याच्या आयती त्या काळापुरत्या, अशी त्यांची मांडणी होती. म्हणजे नस्खचे तत्त्व त्यांनी उलटे फिरवले. १९८३ मध्ये राष्ट्राध्यक्ष नुमैरीच्या राजवटीने शरियतचे कायदे लादले; त्यानंतर ते रद्द करा आणि दक्षिणेतले युद्ध थांबवा अशी मागणी करणारे पत्रक त्यांनी काढले. १८ जानेवारी १९८५ रोजी खार्टूममध्ये, धर्मत्यागाच्या आरोपावरून, सत्तरी ओलांडलेल्या या माणसाला जमावासमोर फाशी दिले गेले. तीन महिन्यांच्या आत नुमैरीची सत्ता गेली, आणि १९८६ मध्ये सुदानच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्दबातल ठरवला.