झाडं माळी लावेल, पण उतार कोण काढणार? रामबागवासींना उत्तर

रामबागवासी, नमस्कार.

लँडस्केप आर्किटेक्चरच्या, म्हणजे इमारतीबाहेरची जमीन, पाणी आणि झाडं यांचा आराखडा करण्याच्या, पदव्युत्तर शिक्षणावरच्या लेखाखाली तुम्ही जे लिहिलंत ते आधी इथे ठेवतो, म्हणजे इतरांनाही संदर्भ लागेल: "पाच वर्षं बी.आर्क. करायचं, वर आणखी दोन वर्षं घालवायची, आणि शेवटी सांगायचं काय, तर बागेत कुठलं झाड कुठे लावा. आमच्या इंदूरला हे नर्सरीवाला झाडांच्या पैशातच करून देतो. शिवाय या पदवीला सरकारदरबारी मान्यता नाही, ते तुम्ही सोयीस्कर गाळलंत. भाचीला मी सांगून टाकलंय, हा नाद सोड."

मान्यतेचा मुद्दा बरोबर आहे आणि तो लेखात यायला हवा होता. १९७२ चा आर्किटेक्ट्स ॲक्ट 'आर्किटेक्ट' या एकाच बिरुदाला संरक्षण देतो. लँडस्केप आर्किटेक्टसाठी आपल्याकडे वेगळी कायदेशीर नोंदणी नाही. २००३ साली स्थापन झालेली 'इसोला' ही लँडस्केप आर्किटेक्टांची व्यावसायिक संघटना आहे, परवाना देणारी संस्था नाही. म्हणजे बी.आर्क. करून कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी केलेली मुलगी आर्किटेक्ट असतेच आणि पुढची पदवी ही तिची जास्तीची विद्या. पण उद्यानविद्या किंवा दुसऱ्या शाखेतून या क्षेत्रात आलेल्याला नुसत्या पदव्युत्तर पदवीवर 'आर्किटेक्ट' म्हणवून घेता येत नाही. नकाशावर पालिकेला लागणारी सही आर्किटेक्टची, लँडस्केपवाल्याची नाही. त्यामुळे त्याला कामावर उशिरा बोलावलं जातं आणि पैसे काटण्याची वेळ आली की पहिली कात्री त्याच्याच अंगावर चालते. भाचीला हे जरूर सांगा.

नर्सरीवाल्याचं मात्र मान्य नाही. तो झाडं चांगलीच लावतो. कित्येकदा पदवीधरापेक्षा चांगली. प्रश्न एवढाच की तो येतो तेव्हा काय काय होऊन गेलेलं असतं.

बायपासकडचा कुठलाही नवा टॉवर घ्या. खाली दोन मजले पार्किंग आणि त्याच्या छतावर 'गार्डन'. नर्सरीवाला पोचतो तेव्हा स्लॅब पडून वर्ष झालेलं असतं. ओल्या मातीचं वजन घनमीटरला साधारण १.८ ते २ टन. हिरवळीला २०-३० सेंटीमीटर माती पुरते, झुडपांना ४५-६० लागते, झाडाला किमान १ ते १.२ मीटर. १.२ मीटर माती म्हणजे चौरस मीटरला सव्वादोन टनांच्या आसपास भार, नुसत्या मातीचा. हा आकडा स्ट्रक्चरल इंजिनियरला स्लॅबच्या डिझाइनआधी मिळायला हवा, आणि झाडं कुठे येणार तेही, म्हणजे ती खांबांच्या डोक्यावर घेता येतात. तो आकडा कोणी दिलाच नाही तर मग ४० सेंटीमीटरच्या कुंडीत सप्तपर्णी उभी राहते आणि तिसऱ्या वर्षी वाऱ्यानं आडवी होते. त्यात भरणारा ठेकेदार स्वस्त म्हणून शेतातली काळी माती आणून टाकतो. ती जड, निचरा शून्य, आणि खाली पाणी साठून गळती पार्किंगमधल्या गाड्यांवर. वॉटरप्रूफिंगवर मुळं अडवणारा थर, त्यावर निचऱ्याचा थर, त्यावर कापड, मग हलकी मिश्र माती, आणि स्लॅबला मुळातच शंभराला एक उतार. हा क्रम कागदावर काढणं पदव्युत्तर अभ्यासक्रमात शिकवतात, आणि यात झाडाचं नाव अजून आलेलंसुद्धा नाही.

काळ्या मातीचा विषय निघालाच आहे तर माळव्यातल्या माणसानं तरी या शिक्षणाला बागकाम म्हणू नये. ही माती पावसात फुगते आणि मे महिन्यात आक्रसून हात जाईल एवढ्या भेगा देते. तिच्यावर थेट पेव्हर बसवले की दोन पावसाळ्यांत फरशीच्या लाटा होतात. म्हणून आधी ४५ ते ६० सेंटीमीटर काळी माती काढायची, १५-१५ सेंटीमीटरच्या थरांत मुरूम दाबून भरायचा, त्यावर खडीचा थर, मग ३ सेंटीमीटर वाळू आणि वर पेव्हर: पायवाटेला ६ सेंटीमीटर जाडीचे, गाड्यांना ८. कडेला पक्का कर्ब, वर दीड ते दोन टक्के उतार. एवढं सगळं करूनही फरशी उचलली जाते ती बहुतेकदा फुलझाडांच्या वाफ्यालगत. कारण सोपं आहे: वाफ्याला रोज पाणी, फरशीखाली कोरडं. एकाच मातीचा एक भाग फुगलेला आणि एक आक्रसलेला. कंपाउंडच्या भिंतींना तिरक्या भेगा जातात त्यातही हे कारण पुष्कळदा सापडतं. यावर उपाय वाफा भिंतीपासून लांब घेण्याचा, किंवा मध्ये ओल अडवणारा ६० सेंटीमीटर खोल उभा पडदा घालण्याचा. नर्सरीवाल्याला भिंतीलगतच वाफा हवा असतो, कारण ग्राहकाला तोच आवडतो.

खड्ड्याचंही तेच. काळ्या मातीत एक मीटर बाय एक मीटर बाय एक मीटरचा खड्डा काढून त्यात शेणखत, कोकोपीट आणि वाळू भरली की तो खड्डा राहत नाही, हौद होतो. सभोवतालची माती पाणी घेत नाही, सगळा पाऊस त्या भुसभुशीत भरावात उतरतो आणि मुळं कुजतात. फावड्यानं भिंती घासून गुळगुळीत झाल्या असतील तर मुळं बाहेरही पडत नाहीत, आतल्या आत गोल फिरतात. म्हणून खोली मुळांच्या गोळ्याएवढीच, रुंदी दुप्पट-तिप्पट, भिंती खरवडलेल्या, भरायला मुख्यतः तिथलीच माती, आणि खोडाचा बुंधा जमिनीच्या पातळीला. बुंधा पुरला गेला की झाड लगेच मरत नाही. दोन-तीन वर्षं घेतं आणि तोवर ठेकेदाराचं बिल निघून गेलेलं असतं.

जुन्या झाडांना मारणारं कारणही असंच दिसत नाही. प्लॉटची पातळी रस्त्याच्या वर आणायची म्हणून भराव टाकतात, आणि जुन्या कडुलिंबाभोवती वीतभर माती चढते. त्याची अन्नपाणी घेणारी मुळं बहुतांशी वरच्या अर्ध्या मीटरमध्ये असतात. त्यांना हवा मिळेनाशी होते. वर रोलर फिरवला तर विषयच संपला. ढोबळ नियम असा, की खोडाच्या व्यासाच्या बारापट त्रिज्येत हात लावायचा नाही. ६० सेंटीमीटर जाडीच्या लिंबाला हे वर्तुळ ७.२ मीटर त्रिज्येचं येतं. ते वर्तुळ बांधकामाच्या नकाशावर पहिल्याच दिवशी काढलेलं असलं पाहिजे. मुकादमाला नंतर सांगून काही उपयोग होत नाही.

आता पाणी. या दोन वर्षांतला सगळ्यात कंटाळवाणा आणि सगळ्यात कामाचा विषय हाच. एक हेक्टरचा प्लॉट घ्या, तासाला ६० मिलिमीटरचा पाऊस धरा. मोकळी हिरवी जमीन असताना वाहून जाणाऱ्या पाण्याचा गुणांक ०.३ धरला, तर गुणांक गुणिले पाऊस गुणिले क्षेत्र भागिले ३६० या सूत्रानं सेकंदाला ०.०५ घनमीटर, म्हणजे ५० लिटर येतात. तोच प्लॉट छपरं आणि काँक्रीटनं भरला, गुणांक ०.८ झाला, की १३३ लिटर. पाऊस तोच, प्लॉट तोच. वरचे ८३ लिटर शेजारच्या कॉलनीत जातात आणि मग सगळे पालिकेला शिव्या देतात. हे पाणी प्लॉटमध्येच थोपवायचं तर उथळ चर काढायचे, बाजूंचा उतार तीनाला एक किंवा त्याहून मंद, तळाचा एक-दोन टक्के. रिचार्ज पिट, म्हणजे पाणी जमिनीत जिरवायचा खड्डा, मात्र डोळे झाकून काढू नये. ३० सेंटीमीटरचा चौकोनी खड्डा करा, रात्रभर पाण्यानं भिजवा, सकाळी पुन्हा भरा आणि तासात पातळी किती उतरते ते मोजा. १२ मिलिमीटरपेक्षा कमी उतरली तर तिथे पाणी जिरणार नाही. ओल्या काळ्या मातीत ती बहुधा उतरतच नाही. मुरमापर्यंत खोल जावं लागतं. परदेशी फोटो बघून काढलेले 'रेन गार्डन', म्हणजे पावसाचं पाणी जिरवायचे खोलगट वाफे, इंदुरात डासांचे हौद होतात ते यामुळे.

आणि हिरवळ. उन्हाळ्यात चौरस मीटरला रोज ५ ते ७ लिटर. हजार चौरस मीटर लॉन म्हणजे दिवसाला एक टँकर. नर्मदेचं पाणी जलूदहून पंपांनी पठारावर चढवणाऱ्या शहरात हा हिशोब ग्राहकाच्या तोंडावर मांडणं हेही शिकावंच लागतं. मोहा, करंज, पळस, नाल्याकाठी अर्जुन हे इथले. पण नर्सरीत मिळतं ते जे लवकर वाढतं आणि जास्त विकलं जातं. शेजारच्या गुजरातला २०२३ मध्ये कोनोकार्पस हा झपाट्यानं वाढणारा परदेशी वृक्ष लावण्यावर बंदी घालावी लागली. तोवर तो कुंपणाकुंपणाला पोचला होता.

"बी.आर्क.मध्ये हे येत नाही का?" येतं, एखाद-दोन सेमिस्टरच्या एका पेपरात. तेवढ्यात मुघलांची चारबाग आणि दहा झाडांची नावं होतात.

प्लॉटच्या पलीकडचा भाग तर तिथे जवळजवळ नसतोच. सिरपूर तलावाला २०२२ मध्ये महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत जागा मिळाली. त्याच्या काठावर पायवाट आणि बाकं काढणं कोणीही करेल. पण तलावात पाणी कुठून येतं, ते आणणारे नाले कुठे तुंबले, पाणलोटात कुठल्या मातीवर कॉलन्या झाल्या, पक्षी कुठल्या महिन्यात कुठल्या काठावर असतात, हे थरावर थर ठेवून जीआयएसवर, म्हणजे संगणकावरच्या नकाशांत, मांडायचं आणि मग ठरवायचं की पायवाट कुठल्या काठाला *नको*. पदव्युत्तरला यावर एक अख्खी सेमिस्टर जाते. १९१८ मध्ये स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांनी होळकर दरबाराला इंदूरचा अहवाल दिला, तोही नदी आणि तिचे काठ सोडून नव्हता. गेडिस मुळात जीवशास्त्रज्ञ. कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांपाशी उभं राहून कान्ह नदी बघितली की शंभर वर्षांत आपण काय केलं ते दिसतंच.

कामाचं बोलायचं तर पर्यावरण परवानगीच्या २००६ च्या अधिसूचनेत २०,००० चौरस मीटर आणि त्यावरची बांधकामं येतात, आणि तिथे हरित क्षेत्राचा, पाण्याचा हिशोब द्यावा लागतो. राष्ट्रीय इमारत संहितेच्या २०१६ च्या आवृत्तीत दहाव्या भागात लँडस्केपचा स्वतंत्र विभाग आहे. काम आहे. सुरुवातीचा पगार मात्र आर्किटेक्टच्या कार्यालयासारखाच तुटपुंजा, हेही खरं.

आता तुमच्या रागाला जिथे जागा आहे ते. सगळीकडे हे असंच शिकवतात असं नाही. काही ठिकाणी दोन वर्षं जलरंगातली झाडं आणि संगणकावरची हिरवी चित्रं काढून घेतात. तिथे जाणार असेल तर भाचीला अडवलंत ते योग्यच केलंत. ओळखायचं कसं? प्रवेशाआधी तिथल्या दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याकडून एक ग्रेडिंगचा, म्हणजे जमिनीच्या पातळ्या आणि उतारांचा, नकाशा मागावा. जुन्या समपातळी रेषा तुटक, नव्या अखंड, कोपऱ्याकोपऱ्यावर सेंटीमीटरपर्यंत पातळ्या, खाली खोदाई-भरावाचा तक्ता. खोदलेली माती वीस-तीस टक्के फुगते हे तक्त्यात धरलंय का तेही बघावं. झाडांच्या यादीत शास्त्रीय नाव, लावतानाची उंची, दोन झाडांतलं अंतर आणि संख्या हवी. असा एकही कागद निघाला नाही तर परत फिरावं. दुसरं विचारायचं ते वनस्पतींच्या तासाबद्दल: झाडं तिन्ही ऋतूंत बघायला नेतात का? फेब्रुवारीत पानं गळलेला पळस किंवा पांगारा ओळखता आला नाही तर आराखड्यात त्याच्याखाली सावलीचं बाक काढलं जातं.

तुम्हाला सर्वांत जवळची केंद्रीय संस्था भोपाळची एसपीए (स्कूल ऑफ प्लॅनिंग ॲण्ड आर्किटेक्चर). दिल्ली आणि विजयवाड्याच्या एसपीएतही हा अभ्यासक्रम आहे. तिन्हींकडे गेट या राष्ट्रीय परीक्षेच्या आर्किटेक्चर ॲण्ड प्लॅनिंग पेपरावर, सामायिक समुपदेशनातून प्रवेश होतो, आणि गेटवर गेलं तर महिना १२,४०० रुपये शिष्यवृत्ती. दोन वर्षांच्या खर्चाचा काही भार इथे हलका होतो. अहमदाबादचं सेप्ट विद्यापीठ आणि मुलींसाठी पुण्याचं भानुबेन नानावटी महाविद्यालय हे दुसरे पर्याय; सेप्टला पोर्टफोलिओ फार बघतात. त्यात चाळीस पानं रेंडरिंग, म्हणजे संगणकावरची रंगीत चित्रं, भरू नयेत. पातळ्या घातलेला एक साइट सेक्शन, म्हणजे जागेचा उभा छेद, त्याहून जास्त बोलतो.

गेटचे गुण तीन वर्षं चालतात. त्यामुळे भाचीनं परीक्षा देऊन ठेवावी आणि मध्ये एक वर्ष लँडस्केपच्या कार्यालयात नोकरी धरावी, दोन वर्षं द्यायची की नाही ते तिचं तिलाच कळेल. फक्त ती मे महिन्यात धरावी. पहिला पाऊस साइटवर उभं राहून बघायला मिळतो.