सगळे पाटील एका कुळाचे? त्या संदेशाला उत्तर

गेल्या काही महिन्यांत एकच संदेश मला चार वेगवेगळ्या व्हॉट्सॲप गटांतून आला. माझंही आडनाव पाटील, म्हणून लोक आवर्जून पाठवतात. मजकूर साधारण असा: ‘पाटील’ हा शब्द ‘पाट’ म्हणजे कालव्यावरून आला, पाटाचं पाणी वाटणारा तो पाटील. ही पदवी छत्रपती शिवाजी महाराजांनी दिली. सगळे पाटील मुळात एकाच क्षत्रिय कुळाचे, म्हणून पाटील तिथे मराठा. बाकीच्यांनी हे आडनाव मागाहून लावून घेतलं. गुजरातचे पटेल आपलेच भाऊबंद. महाराष्ट्रात आज एक कोटी पाटील आहेत. आणि शेवटची ओळ: ‘खरा पाटील असाल तर पुढे पाठवा.’

सांगली जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत मी 29 वर्षं मराठी शिकवलं. वर्गात नुसतं ‘पाटील’ म्हणून हाक मारायची सोय नव्हती, आठ-दहा जण एकदम उठायचे. त्यामुळे हजेरी मुलाचं नाव, वडिलांचं नाव अशीच घ्यावी लागे. त्या आठ-दहांत मराठा असत, जैन असत, लिंगायत असत, आणि बहुतेक वर्षी एखादा मुसलमान पाटीलही असे. चारही घरांतली पाटीलकी पिढ्यान्‌पिढ्यांची. त्यांच्यातल्या निम्म्याअधिकांना हा संदेश ‘बाकीचे’ म्हणतो. माझ्या वर्गातल्या मुलांना कुणी उपरं ठरवावं हे मला सोसत नाही, म्हणून हे लिहितो आहे.

आधी शब्द. पाटाचं पाणी वाटणाऱ्याला आपल्याकडे पाटकरी म्हणतात, पाटील नव्हे. कालव्याचं टिपूस नसलेल्या माणदेशात आणि मराठवाड्यातही गावोगाव पाटील होतेच. हा शब्द किती जुना आहे ते ताम्रपट सांगतात. माळव्याच्या परमार भोज राजाने अकराव्या शतकाच्या सुरुवातीला जी दानपत्रं दिली, त्यांत दान दिलेल्या गावातल्या रहिवाशांना उद्देशताना ‘पट्टकिल’ आणि ‘जनपद’ अशी नावं येतात. पट्टकिल म्हणजे गावचा मुख्य. ‘पट्ट’ म्हणजे ज्यावर सनद किंवा जमिनीचा लेख लिहायचा ती पट्टी. ज्याला आपण जमिनीचा ‘पट्टा’ म्हणतो तो शब्दही याच घरातला.

पट्टकिलाचा पाटील कसा झाला हे मी नववीच्या मुलांना फळ्यावर करून दाखवत असे. कुंभकाराचा कुंभार झाला, लोहकाराचा लोहार, सुवर्णकाराचा सोनार. दोन स्वरांमधला ‘क’ प्राकृतात गळतो. आणि सप्त, सत्त, सात; हस्त, हत्थ, हात; जोडाक्षर सुटतं आणि त्याच्या आधीचा स्वर लांबतो. हे दोन्ही नियम पट्टकिलाला लावून पाहा: पट्टकिल, पट्टइल, पाटील. एखादी मुलगी नियम समजून घेऊन स्वतःच शेवटची पायरी लिहायची तेव्हा सगळ्या वर्गाला जो आनंद व्हायचा, तो ‘पाटाचं पाणी’वाल्या गोष्टीत मिळणार नाही.

दुसरा दावा महाराजांच्या नावाचा. महाराजांचं नाव घातलं की संदेशाला वजन येतं आणि उलट बोलणाऱ्याची पंचाईत होते. पण महाराजांबद्दल आदर असेल तर त्यांच्या कागदांनाही मान द्यायला हवा. 28 जानेवारी 1646चं रांझे गावच्या पाटलाचं पत्र शाळकरी पोरालाही ठाऊक असतं: गावच्या पाटलाने बदअंमल म्हणजे गैरवर्तन केलं, महाराजांनी त्याचे हातपाय तोडायची शिक्षा दिली. तेव्हा महाराज सोळा वर्षांचेही पुरते नव्हते. म्हणजे पाटीलकी त्यांच्या आधीपासून, आदिलशाही-निजामशाहीच्या अमलात आणि त्याही पूर्वी, रुजलेली होती. खुद्द भोसले घराण्याकडे वेरूळची पाटीलकी होती. महाराजांनी पाटील निर्माण केले नाहीत, माजलेल्या पाटलाला वठणीवर आणलं.

त्याच पत्रातली आणखी एक गोष्ट संदेश लिहिणाऱ्याच्या नजरेतून सुटली. त्या पाटलाचं नाव बाबाजी बिन भिकाजी गुजर, आणि हुद्दा ‘मुकादम’. मुकादम हा पाटलाचाच दरबारी भाषेतला शब्द. आडनाव गुजर, काम पाटलाचं. पुढे रांझ्याची पाटीलकी गुजरांच्याच गोतात राहिली, पण त्यामुळे ते ‘पाटील’ कुळाचे झाले नाहीत.

इथून आपण तिसऱ्या दाव्यावर येतो. सगळ्यांत जास्त नुकसान यानेच होतं, म्हणून इथे मी जरा थांबणार आहे.

पाटील हे कूळ नाही, वतन आहे, म्हणजे वंशपरंपरेचा हुद्दा आणि त्याचे हक्क. गाव वसवणं, पडीक जमीन लागवडीला आणणं, जमाबंदीच्या वेळी सरकारच्या माणसापुढे गावाच्या वतीने बोलणं, सारा गोळा करून पोचता करणं, चोरी-मारामारीचा बंदोबस्त ठेवणं ही पाटलाची कामं. लिहिणं कुलकर्ण्याचं, पाटील बहुतेकदा सही करत नसे, त्याच्या नावापुढे ‘निशाणी नांगर’ काढलेला असे. मोबदल्यात इनाम जमीन, बलुतेदारांकडून ठरलेले हक्क, आणि मानपान: पोळ्याला पाटलाचा बैल पुढे, होळीत पाटलाची पोळी पहिली. त्या मानावरून भाऊभाऊ कोर्टापर्यंत गेलेले आहेत.

वतन ही मिळकत होती. ती वारसांत वाटली जाई, गहाण पडे, विकलीही जाई. एका गावात निम्मी पाटीलकी एका घराण्याची आणि निम्मी दुसऱ्याची, असे कागद पेशवाईत ढिगाने सापडतात. दुष्काळाने गाव ओस पडलं आणि नव्या माणसाने पुन्हा वसवलं, तर पाटीलकी त्याची. गाव ज्यांचं, पाटील त्यांतला: जैनांच्या गावात जैन, लिंगायतांच्या गावात लिंगायत, आगऱ्यांच्या गावात आगरी, कोळ्यांच्या गावात कोळी; कुठे धनगर, कुठे माळी, कुठे ब्राह्मण, कुठे मुसलमान. महाराष्ट्रात आज 43 हजारांहून अधिक गावं आहेत. यांतल्या बहुतेकांची पाटीलकी आपापली, स्वतंत्र सुरू झालेली. त्या सगळ्यांचा मूळपुरुष एक असणं शक्यच नाही.

मग नाव आडनाव कधी झालं? जुन्या कागदांत माणूस ‘अमुक बिन अमुक’, पुढे कूळ, पुढे हुद्दा असा येतो. इंग्रजी अमलात मोजणीचे तक्ते, कोर्टाचे अर्ज, शाळेचे दाखले आले आणि प्रत्येकाला शेवटचं एकच नाव लिहावं लागलं. तिथे पुष्कळांनी कुळाऐवजी मानाचं नाव पुढे केलं. काम एकाच भावाकडे, पण नाव सगळ्या भावकीने लावलं. पुढच्या पिढीत त्यांच्या मुलांनी, मग नातवंडांनी. आज इतके पाटील का दिसतात, याचं उत्तर या साध्या वाढीत आहे.

सगळ्यांनी कूळ टाकलं असंही नाही. विखे पाटील, मोहिते-पाटील यांनी दोन्ही ठेवलं. साताऱ्याच्या प्रतिसरकारचे क्रांतिसिंह नाना पाटील मूळचे पिसाळ. याच्या उलट उदाहरण महादजी शिंद्यांचं. दिल्लीच्या बादशाहीला सावरून धरणारा हा माणूस स्वतःला पाटील म्हणवण्यात धन्यता मानी, कण्हेरखेडची पाटीलकी त्यांच्या घरात होती, लोक त्यांना पाटीलबाबा म्हणत. पण घराणं शिंदेच राहिलं. मराठ्यांच्या शहाण्णव कुळांच्या याद्या एकमेकींशी जुळत नाहीत हे खरं, पण त्यांत शिंदे, पवार, मोरे, जाधव, चव्हाण सापडतात. ‘पाटील’ नावाचं कूळ सापडत नाही.

आता ‘पाटील तिथे मराठा’ हे माणसांवरून तपासू. 1919 साली काले इथे रयत शिक्षण संस्था काढणारे कर्मवीर भाऊराव पाटील कुंभोजला जन्मलेले, जैन घरातले. नवी मुंबईच्या जमिनींसाठी 1984चं आंदोलन उभं करणारे, जासईचे दि. बा. पाटील आगरी. सांगलीचे वसंतदादा पाटील मराठा. लातूर हा एकच जिल्हा घ्या: मुख्यमंत्री झालेले शिवाजीराव पाटील निलंगेकर मराठा आणि देशाचे गृहमंत्री झालेले शिवराज पाटील चाकूरकर लिंगायत. दोघांनाही गावाचं नाव जोडावं लागलं, कारण नुसत्या ‘पाटील’वरून माणूस ओळखू येत नाही. सीमेपलीकडे कर्नाटकात दोनदा मुख्यमंत्री झालेले वीरेंद्र पाटील लिंगायतच. यांतलं कुणी हे नाव चोरून लावलं? भाऊरावांनी? कमवा आणि शिका म्हणत बहुजनांची पोरं शिकवणाऱ्या माणसाला ‘बाकीच्यांत’ ढकलणारा संदेश त्यांच्याच संस्थेत शिकलेले लोक पुढे पाठवतात, हे पाहून वाईट वाटतं.

या दाव्याचा त्रास नुसत्या अभिमानापुरता नाही. दोन वर्षांपूर्वी माझ्या एका विद्यार्थिनीचं चांगलं जमत आलेलं लग्न मोडायला निघालं, का, तर दोन्हीकडे पाटील. ‘एकाच कुळात सोयरीक कशी करायची’ म्हणून मुलाच्या चुलत्यांनी हाच संदेश दाखवला. मुलीकडचे मूळचे यादव, मुलाकडचे मूळचे सावंत. देवकं (कुळाची पूज्य चिन्हं) वेगळी, कुलदैवतं वेगळी. घरातल्या म्हाताऱ्या आत्याबाईंना विचारलं तेव्हा त्यांनी दोन मिनिटांत सोडवलं. जुनी माणसं सोयरीक करताना आधी देवक विचारत, आडनाव नंतर, कारण हुद्द्याचं नाव कूळ सांगत नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. आत्याबाई नसत्या तर काय झालं असतं, हा विचार मनातून जात नाही.

पटेलांबद्दलच्या वाक्यात अर्धं खरं आहे. शब्द एकच: पट्टकिलाचा मराठीत पाटील झाला, गुजरातीत पटेल. खानदेशातला लेवा पाटीदार समाज, ज्यात पाटील आडनाव भरपूर आहे, आपली परंपरा गुजरातेतून आल्याची सांगतो. तिथे नात्याचा धागा खरोखर आहे. पण म्हणून सांगलीचा पाटील आणि करमसदच्या घराण्यातले सरदार वल्लभभाई भाऊबंद होत नाहीत. पटेलही एका जातीचे नाहीत. भरूचकडे मुसलमान पटेल आहेत, मुंबईत पारशी पटेल आहेत. पारश्यांची गोष्ट तर सगळ्या प्रश्नाचा निकालच लावते. 1692च्या सुमारास मुंबईत साथीने इंग्रजांची दैना झालेली असताना जंजिऱ्याच्या सिद्दीच्या लोकांनी बेटावर चाल केली. रुस्तुम दोराबजी या तरुण पारश्याने कोळ्यांना गोळा करून ती परतवली, आणि कंपनी सरकारने त्याला पटेल नेमलं. त्याचे वंशज पटेल झाले. काम केलं, हुद्दा मिळाला, हुद्द्याचं आडनाव झालं. कूळ, जात, धर्म यांचा त्यात काही संबंध नव्हता.

एक कोटीचा आकडा कुठून आला? आपल्या जनगणनेत आडनावांची मोजदाद प्रसिद्धच होत नाही. फिरून पाहणाऱ्याला एवढं मात्र दिसतं की हे नाव सगळीकडे सारखं पसरलेलं नाही. कोल्हापूर-सांगली, जळगाव-धुळे, रायगड-ठाणे आणि कर्नाटकात बेळगाव, विजापूर, कलबुर्गी इथे ते दाट. दक्षिण कोकणात गावचा कारभार खोताकडे होता आणि गोव्यात गावकाराकडे, म्हणून तिथली खोत आणि गावकर ही आडनावं त्याच जातकुळीची, हुद्द्यावरून आलेली. म्हैसूरकडे पाटलाच्या जागी गौडा.

राहिली ती शेवटची ओळ, ‘खरा पाटील असाल तर.’ महाराष्ट्र सरकारने 1962च्या कायद्याने मुलकी पाटलाचं पद रद्द केलं, आणि 1 जानेवारी 1963 पासून वंशपरंपरेची पाटीलकी संपली. तेव्हापासून आम्हा पाटलांकडे उरलं ते फक्त नाव. 1967च्या ग्राम पोलीस कायद्याने पोलीस पाटील हे पद ठेवलं, पण ते वारशाने मिळत नाही. अर्ज करावा लागतो, परीक्षा द्यावी लागते, नेमणूक प्रांताधिकारी करतात, आणि त्यात महिलांसाठी व मागास वर्गांसाठी राखीव जागा आहेत.

आमच्या शेजारच्या गावच्या पोलीस पाटील एक कांबळेताई आहेत. 2019च्या ऑगस्टात कृष्णेचं पाणी चढत होतं, वीज गेली होती. नदीकाठच्या आळीत रात्री अडीच वाजता बॅटरी घेऊन त्या प्रत्येक दाराची कडी वाजवत फिरल्या, म्हातारी माणसं आधी बाहेर काढली, जनावरांची दावी सोडायला लावली. सकाळी त्या आळीतली घरं छपरापर्यंत बुडाली होती, आणि आतमध्ये माणूस एकही नव्हता. त्या आळीत सात घरं पाटलांची होती.