आहाराने साखर उतरली, मग गोळ्या कशाला? : एका प्रतिक्रियेला उत्तर

तुमची प्रतिक्रिया नीट वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : धान्यं आणि गोड बंद केल्यावर ३ आठवड्यांत उपाशीपोटीची साखर १६८ वरून ११२ वर आली, म्हणून तुम्ही मधुमेहाच्या मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड या दोन्ही गोळ्या थांबवल्या, आणि आमचा मधुमेहावरचा लेख लोकांना जन्मभर गोळ्यांना बांधून ठेवतो.

आहाराबद्दलची तक्रार मान्य. ती बाजू आम्ही फारच हात राखून मांडली. ब्रिटनमधल्या 'डायरेक्ट' अभ्यासाचे निष्कर्ष २०१७ साली आले. त्यात ३ ते ५ महिने रोज सुमारे ८२५ ते ८५३ किलोकॅलरींचा आहार होता आणि मधुमेहाच्या गोळ्या पहिल्याच दिवशी थांबवल्या होत्या. वर्षाअखेर ४६ टक्के लोकांची साखर औषधांशिवाय मधुमेहाच्या पातळीखाली होती. ज्यांचं वजन १५ किलो किंवा जास्त उतरलं, त्यांच्यात हे प्रमाण ८६ टक्के. मात्र निदान होऊन ६ वर्षांहून जास्त झालेले किंवा इन्सुलिन घेणारे लोक त्यात नव्हते, साखर वाढली तर गोळी परत सुरू होत होती, आणि दुसऱ्या वर्षाअखेर हे प्रमाण ४६ वरून ३६ टक्क्यांवर आलं. वजन परत चढलं की साखरही परत येते.

पण तुमच्या दोन गोळ्यांना एकच न्याय लावता येत नाही.

ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, तुम्ही जेवलात की नाही हे ती बघत नाही. त्यामुळे कर्बोदकं कमी करायची तर तिचा डोस त्याच दिवशी डॉक्टरांना विचारून कमी करावा लागतो. साखर फार खाली जाण्याचा खरा धोका गोळी सोडल्यावर नव्हता, त्याआधीच्या ३ आठवड्यांत पूर्ण डोस चालू असताना होता. घाम, थरथर, धडधड, अचानक कडकडून भूक अशी लक्षणं दिसली आणि साखर ७० च्या खाली असली, तर १५ ग्रॅम ग्लुकोज घ्या, १५ मिनिटांनी परत तपासा, अजून ७० च्या खाली असेल तर पुन्हा तेवढंच. चॉकलेट नको, त्यातल्या चरबीमुळे साखर रक्तात उशिरा पोचते. रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर घेणाऱ्यांना थरथर आणि धडधड जाणवतेच असं नाही. त्यांनी घामाकडे लक्ष ठेवावं.

मेटफॉर्मिनचं काम निराळं. रात्रभर यकृत रक्तात साखर सोडत असतं, ते ही गोळी आवरते. एकटी घेतली तर साखर धोकादायक खाली जाणं विरळाच. म्हणजे तुमच्या ११२ मध्ये तिचाही वाटा होता, आणि तो गोळी सोडल्यावर हळूहळू ओसरतो. पोट बिघडतं म्हणून सोडली असेल तर जेवणासोबत घेणं किंवा हळू विरघळणारी गोळी मागणं हा मार्ग आहे. ईजीएफआर (मूत्रपिंडाचं काम दाखवणारा आकडा) ३० च्या खाली असेल तर मात्र ती देत नाहीत, आणि बरीच वर्षं घेणाऱ्यांनी बी१२ तपासत राहावं.

हे वाचून आहार बदलायला निघालेल्या इतरांसाठी एक गोष्ट : तुमच्या गोळीचं नाव 'फ्लोझिन'ने संपत असेल (डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन) तर डॉक्टरांशी बोलल्याशिवाय कर्बोदकं एकदम तोडू नका. साखर फारशी वाढलेली नसतानाही रक्तात कीटोन आम्लं (चरबी जळताना तयार होणारी) साठू शकतात. उलट्या, पोटदुखी, धाप ही लक्षणं दिसली तर मीटरवरचा आकडा चांगला आहे म्हणून घरी थांबू नये.

आता तुमच्यापुरतं. या आठवड्यात रोज उपाशीपोटी आणि सर्वांत मोठ्या जेवणानंतर २ तासांनी साखर मोजा, शेजारी काय खाल्लं ते लिहा. उपाशीपोटी १३० च्या वर किंवा जेवणानंतर १८० च्या वर वारंवार जात असेल, तर मेटफॉर्मिन परत सुरू करण्याबद्दल डॉक्टरांशी बोला. गोळ्या कोणत्या तारखेला सोडल्या तेही सांगा. त्या तारखेनंतर ३ महिन्यांनी एचबीए१सी (सुमारे ३ महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी) करा. ते ६.५ टक्क्यांच्या खाली असेल तर त्याला मधुमेह माघारी गेला असं म्हणता येतं. रक्तक्षय असेल तर हा आकडा फसवतो, म्हणून सोबत हिमोग्लोबिनही बघा. आणि डोळ्यांचा पडदा व लघवीतलं अल्ब्युमिन हे प्रथिन यांची वार्षिक तपासणी माघारी गेल्यावरही चालूच ठेवायची.