रिपोर्ट पहिले तिचाच काऊन?

घरच्या ग्रुपवर सध्या वाद चालू आहे की नागपुरात जिकडे तिकडे आयव्हीएफचे (मूल होण्यासाठीच्या उपचाराचे) बोर्ड एवढे काऊन दिसून राहिले. मामांचं म्हणणं, पोरी शिकत बसतात, लग्नं उशिरा होतात. काकू म्हणते बाहेरचं खाणं. एका दादाने मोबाईल टॉवरवर ढकललं. मी इकडे मँचेस्टरमध्ये बसून सगळं वाचलं, पण एवढ्या मेसेजमध्ये एकानेही विचारलं नाही की बाप्पा, पोराला कोणी तपासलं का?

मूल होत नाही अशा जोडप्यांत जवळपास निम्म्या वेळा पुरुषाकडेही कारण निघतं, कधी एकट्याचं, कधी दोघांचं मिळून. तरी आपल्याकडे आधी सुनेची सोनोग्राफी, हार्मोन्स, नळ्यांमध्ये डाय सोडून एक्स-रे (तो दुखतो बरं का), मग शेगाव, मग ताजबागचा दर्गा, आणि हे सगळं झाल्यावर कोणीतरी हळूच म्हणतं, ह्याचंही बघून घ्या एकदा. वीर्याची तपासणी काही शे रुपयांत होते, सुई नाही की टोचणं नाही.

आणि सापडतं काय तर बरेचदा व्हेरिकोसील. म्हणजे अंडकोषाच्या वरच्या शिरा फुगतात. साधारण 15 टक्के पुरुषांत असतं ते, वंध्यत्वासाठी तपासलेल्यांत 35-40 टक्क्यांपर्यंत. जास्त करून डावीकडे, कारण डावी शीर लांब असते आणि काटकोनात किडनीच्या शिरेला मिळते, तिच्या झडपा ढिल्या पडल्या की रक्त उलटं खाली साचतं आणि तिथलं तापमान वाढतं, शुक्राणू बनायला तर तिथे शरीरापेक्षा 2 ते 4 डिग्री थंड असावं लागतं. (नवतप्याला दोष देऊ नका, शिरा उन्हाने फुगत नाहीत.) दुखत नाही बहुतेकांना, म्हणून कळतही नाही. युरोलॉजिस्ट उभं करून हाताने तपासतो, पाच मिनिटांत समजतं.

दुसरं जिमवाल्यांचं. टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं घेऊन दंड फुगतात पण बाहेरून हार्मोन आला की मेंदू आतला सिग्नल बंद करतो, शुक्राणू पार शून्यावर येऊ शकतात. बंद केल्यावर बहुतेकांचे परत येतात, पण महिनोन् महिने लागतात. आणि "कमजोरी"च्या भिंतीवरच्या जाहिराती, त्या तर 1954 च्या कायद्याने बंद आहेत तरी रेल्वेच्या कडेला रंगवलेल्याच! त्या बाबाकडे जाणाऱ्या चाळिशीतल्या माणसाने आधी शुगर आणि बीपी बघावं, कारण लिंगातल्या रक्तवाहिन्या हृदयाच्या वाहिन्यांपेक्षा बारीक असतात, म्हणून ब्लॉकेजची पहिली खबर बरेचदा तिथूनच येते.

इथे इंग्लंडमध्ये जीपीकडे (म्हणजे फॅमिली डॉक्टरकडे) गेलं की दोघांची तपासणी एकदमच सांगतात, त्यात कोणाला काही वाटत नाही, नवऱ्याला नमुन्यासाठी बाटली देतात आणि रिपोर्ट गडबड आला तर तीन महिन्यांनी परत, कारण नवीन शुक्राणू बनायलाच अडीच महिने लागतात. डब्ल्यूएचओच्या 2021 च्या पुस्तकात एका मिलीलीटरला 1 कोटी 60 लाख शुक्राणू ही खालची रेघ आहे, पण तेवढ्यावरून पास-नापास ठरत नाही. पण म्हणून इथलं सगळं भारी असं समजू नका. स्पेशालिस्टसाठी महिने जातात, सरकारी आयव्हीएफ मिळणार की नाही ते तुम्ही कोणत्या भागात राहता त्यावर. व्हेरिकोसीलचं तर इथल्या 2013 च्या सरकारी गाइडलाइनमध्ये लिहिलं होतं की मूल व्हावं म्हणून ऑपरेशन करू नका, आणि युरोप-अमेरिकेचे युरोलॉजिस्ट म्हणतात की फुगलेल्या शिरा हाताला लागतात, शुक्राणूंचा काउंट कमी आहे, बायकोकडे मोठी अडचण नाही, तर करायचा विचार करा. मला दुसरं पटतं, निदान पर्याय तरी समोर ठेवा. नागपुरात धंतोली-रामदासपेठेत संध्याकाळी नंबर लावला की त्याच रात्री डॉक्टर भेटतो, इथल्या लोकांना हे सांगितलं तर खरं वाटत नाही.

आणि काउंट शून्य आला म्हणजे संपलं असंही नाही. कधी आत बनतात पण रस्ता बंद असतो, तो उघडता येतो किंवा अंडकोषातूनच काढून घेता येतात. कोणती केस आहे हे तपासल्याशिवाय कोण सांगणार? आमचे भाऊ मात्र बायकोची फाइल काखेत मारून बाहेर बाकावरच बसून राहतात.