पंचाहत्तर हजार काड्या

परवा सोसायटीच्या गणपतीत माझी शोभा झाली ती अजून उतरलेली नाही. झालं इतकंच की आरतीला काडेपेटी सापडेना, आणि मी हिरोसारखा खिशातून लायटर काढला. सिगरेट सुटून सहा वर्षं झाली पण लायटर सुटला नाही, साडूंनी अमेरिकेहून आणलेला, पितळी, झाकण टक् करून उघडणारा, पेट्रोलसारख्या फ्लुइडवर चालणारा. वाऱ्यात विझत नाही असा त्याचा लौकिक. विझायला आधी पेटावा लागतो.

टक्. खर्र. ठिणगी. काही नाही. पुन्हा खर्र. चाळीस माणसं हात जोडून उभी, कुणीतरी म्हणालं वारा लागत असेल, फॅन बंद केला. आता सगळे घामाघूम, आणि मी खर्र खर्र. तेवढ्यात दुसऱ्या मजल्यावरचे काका, बँकेतून रिटायर झालेले, टाळ खाली ठेवून पुढे आले.

"बॅटरी संपली असेल रे."

"बॅटरी नसते काका याला."

"किती पडला?"

"गिफ्ट आहे."

"हो, पण किती?"

"असेल तीन हजार वगैरे."

"तीन हजार! अरे एक रुपयाला पेटी मिळते."

इथं मी गप्प बसायला हवं होतं. पण नाही. म्हटलं, "दोनची झाली काका, २०२१ च्या डिसेंबरपासून." काकांनी डोळे मिटले. आरती थांबलेली, बाप्पा बघतोय, आणि काका हिशोब करतायत. "दोनची तर दोनची. म्हणजे पंधराशे पेट्या. पेटीत पन्नास काड्या. पंचाहत्तर हजार. दहा दिवस, दोन वेळा, वीस आरत्या वर्षाला..." परत डोळे मिटले. "३७५० वर्षं पुरल्या असत्या." लोक हसले. माझी बायको सगळ्यात जोरात हसली, हे लक्षात ठेवलंय मी. तोवर कुणाच्या तरी पोरीनं घरून काडेपेटी आणली आणि एका काडीत निरांजन पेटलं.

काकांना कोण सांगणार की या लायटरची मी घरच्या कुंडीपेक्षा जास्त निगा राखतो. फ्लुइड आत आपोआप उडून जातं, वापरा नाहीतर नका वापरू, आठवड्या-दोन आठवड्यांत कोरडा ठणठणीत. कोपऱ्यावरच्या टपरीवाल्याकडे नेला तर त्यानं उलटा करून गॅस भरायचं भोकच शोधलं पाच मिनिटं. मग ऑनलाइन मागवायचं, तेही विमानानं येत नाही, पेट घेणारा माल म्हणून रस्त्यानं रमतगमत येतं.

बरं, भरलं की संपलं असंही नाही. आतला डबा बाहेर ओढा, खालचा नमद्याचा तुकडा उचला, कापसात थेंब थेंब सोडा. वात काळी कुळकुळीत झाली असेल तर चिमट्यानं जराशी वर ओढून जळकं टोक कापा. आणि तो खडा! त्याला चकमकीचा दगड म्हणतात पण तो दगड नाहीच, लोखंड आणि सिरियम नावाच्या धातूचं मिश्रण, ऑस्ट्रियाच्या कार्ल आउअर फॉन वेल्सबाखनं १९०३ साली पेटंट घेतलेलं. तांदळाच्या कणीएवढा असतो. मी नाण्यानं खालचा स्क्रू फिरवला, स्प्रिंग टण्णकन उडाली, स्प्रिंग सोफ्याखाली सापडली, खडा अजून नाही. नमद्याखाली एक जादा ठेवायची शहाणी पद्धत आहे, ती मला माहीत होती, ठेवला नव्हता. घरात कुणाचं काही हरवलं की सगळे मिळून शोधतात, माझा खडा हरवला तर "झाडू मारताना मिळेल" म्हणतात, आणि झाडू मारणार कोण, तर मीच.

शेवटी काल दुपारी नवीन खडा, नवीन फ्लुइड, पहिल्याच खर्रला ज्योत. खूश होऊन जरा जास्तच भरलं. जिन्यात उतरताना मांडीला गार लागलं, मग चुरचुरायला लागलं, मग आग आग. खिशातून गळत होतं. तसाच लंगडत मांडवात गेलो, आज म्हणलं सगळ्यांसमोर एका ‘टक्’मध्ये पेटवतो. निरांजन पेटलेलं होतं. काका वीस मिनिटं आधीच येऊन बसले होते, खिशात काडेपेटी, आणि मला बघून म्हणाले, "ये ये. पेट्रोलचा वास कुठनं येतोय रे?"