माटोळी आणि नरकासुराचं तोंड
मुलांसाठी घरात रंगांचा एक कोपरा राखून ठेवा, असं एका लेखात सुचवलेलं वाचलं. अगदी पटलं. पण आमच्या गोव्यात तो कोपरा पार अंगणापर्यंत जातो. यंदा चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, गणपतीच्या वर टांगायची फळापानांची माटोळी बांधताना माझी सात वर्षांची नात कांगल्यांचा, म्हणजे लाल रानफळांचा, घोस हातात धरून कितीतरी वेळ उभी होती. लाल रंग हिरव्याशेजारी शोभेल की सुपारीच्या शिपट्याशेजारी, म्हणजे घडाशेजारी? तिनं जिथं लावला, तिथनं मी तो हलवला नाही.

दिवाळीच्या आदल्या रात्री उभारून पहाटे जाळायच्या नरकासुराच्या पुतळ्याला मात्र हल्ली तयार मुखवटे आणतात, याचं फार वाईट वाटतं. सुक्या गवतावर खळीनं वर्तमानपत्रं चिकटवताना, डोळे केवढे काढायचे यावर भांडताना मुलं केवढं शिकायची! वाड्यावरच्या, म्हणजे वस्तीतल्या, मोठ्यांनो, सांगाडा तुम्ही बांधा, तोंड मुलांना रंगवू द्या. वाकडं झालं तरी असू द्या.