ज्याच्याकडे डिपॉझिट नाही, तो भाडं काय भरणार? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

इंग्लंडमधल्या काउन्सिल, म्हणजे तिथल्या नगरपालिका, कमी उत्पन्नाच्या आणि बेघर लोकांना भाड्याच्या घराच्या डिपॉझिटसाठी मदत करतात, त्यावरच्या माझ्या लेखाला तुम्ही सविस्तर प्रतिक्रिया दिलीत. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: ज्याला डिपॉझिट साठवता येत नाही तो पुढे भाडंही बुडवणार, हा पैसा आपल्या काउन्सिल टॅक्समधून (घरपट्टीसारख्या स्थानिक करातून) जातो, आणि आपण व्हिसावर इथे आलो तेव्हा सहा महिन्यांचं भाडं आगाऊ मोजलं, आपल्याला कुणी काय दिलं? तुमचा एक फ्लॅट भाड्यानं दिलेला आहे हेही तुम्ही मोकळेपणानं सांगितलंत.

पहिला मुद्दा मला अजिबात पटत नाही. महिना 900 पौंड भाड्याचं साधं घर धरा. 2019 च्या कायद्यानं डिपॉझिटवर पाच आठवड्यांच्या भाड्याची मर्यादा घातली आहे, म्हणजे साधारण 1,038 पौंड. त्यात पहिल्या महिन्याचं भाडं मिळवलं की किल्ली हातात येण्याआधी 1,900 पौंडांच्या वर रक्कम लागते. केअर होममध्ये किंवा वेअरहाउसमध्ये राबणारा माणूस दर महिन्याला 900 पौंड वर्षानुवर्षं चुकवत आलेला असतो, पण एवढी रक्कम एकदम आणायची कुठून? शिवाय त्याचं आधीचं डिपॉझिट जुन्या घरात अडकलेलं असतं. ते घर सोडल्यावर, किती कापायचं यावर दोघांचं एकमत झालं की मग दहा दिवसांत परत मिळतं. नवीन घराचे पैसे मात्र त्याच्या आधीच भरायचे असतात. घरमालकाला घर विकायचं म्हणून नोटीस आली, यात भाडेकरूचा काय दोष? आणि नवऱ्याच्या मारहाणीतून मुलांना घेऊन बाहेर पडलेल्या बाईला तुम्ही बचतीचा हिशेब विचाराल का? मला नाही वाटत.

आता तुमच्या फ्लॅटबद्दल. बऱ्याच काउन्सिल रोख रक्कम देतच नाहीत, बाँड देतात. म्हणजे लेखी हमी: भाडेकरूनं नुकसान केलं किंवा भाडं थकवलं, तर ठरलेल्या रकमेपर्यंत काउन्सिल भरपाई देईल. त्यासाठी घराची तपासणी होते, सामानाची यादी आणि फोटो होतात, भाडेकरूला भाडं परवडेल का हे पाहिलं जातं. नुकसान किंवा थकबाकी झालीच नाही तर हमीपोटी काउन्सिलचा एक पौंडही जात नाही. जिथे रोख देतात तिथेही अनेकदा ते कर्जच असतं, हप्त्यानं फेडायचं. तुमचा एक आक्षेप मात्र मला मान्य आहे. बाँडची मुदत संपली की घरमालक उघड्यावर पडतो, आणि म्हणूनच एजंट बाँड म्हटलं की नाक मुरडतात. काउन्सिलनं मुदत वाढवावी किंवा सरळ रोख डिपॉझिट भरून ते नियमाप्रमाणे 30 दिवसांत सरकारमान्य डिपॉझिट संरक्षण योजनेत ठेवायला लावावं, असं माझं ठाम मत आहे.

कराच्या पैशाबद्दल तर तुम्ही माझ्या बाजूला यायला हवं. सरकारी मदतीला पात्र असलेला माणूस बेघर झाला आणि त्याला प्राधान्याची गरज असली, उदाहरणार्थ घरात लहान मुलं असली, तर काउन्सिलला त्याची तात्पुरती सोय करावीच लागते. हॉटेल, बी अँड बी, मिळेल ती खोली. मार्च 2025 अखेर इंग्लंडमध्ये 1 लाख 30 हजारांहून अधिक कुटुंबं अशा जागांत राहत होती. 2023-24 या एका वर्षात काउन्सिलांनी त्यावर 2 अब्ज पौंडांहून जास्त खर्च केला. केंद्र सरकार या भाड्याची भरपाई 2011 च्या दरांवर बेतून देतं, त्यामुळे वरचा बराचसा फरक काउन्सिलच्या तिजोरीतून, म्हणजे तुमच्या-माझ्या काउन्सिल टॅक्समधून जातो. एका कुटुंबाला हॉटेलच्या एका खोलीत कित्येक महिने ठेवायचं, की हजारभर पौंडांची हमी देऊन वेळेत घर मिळवून द्यायचं? 2017 चा होमलेसनेस रिडक्शन ॲक्ट याच विचारातून आला. घर जाण्याच्या 56 दिवस आधीपासून काउन्सिलनं मदत करायला लागावं, असं तो सांगतो. डिपॉझिट मिळणं हा कायदेशीर हक्क नाही, ते काउन्सिलच्या मर्जीवर असतं, आणि तिथे मोठी विषमता आहे. एका काउन्सिलमध्ये मिळतं, शेजारच्या काउन्सिलमध्ये मिळत नाही.

माझी खरी तक्रार वेगळीच आहे. डिपॉझिट मिळूनही घर मिळत नाही. भाड्यासाठीची सरकारी मदत त्या भागातल्या सर्वांत स्वस्त 30 टक्के घरांच्या भाड्यावर बेतलेली, आणि तीही 2020 पासून चार वर्षं गोठवून ठेवली होती. 2024 मध्ये वाढवली आणि पुन्हा गोठवली. बाजारभाव काही थांबत नाही. हातात बाँडचा कागद आहे, पण त्या दरात घरच नाही, अशा माणसाला आपण काय सांगणार?

शेवटी तुमची स्वतःची गोष्ट. तिच्यातला राग मला समजतो. कर भरायचा, आरोग्य सेवेचा वेगळा अधिभार भरायचा, आणि व्हिसावर सार्वजनिक निधीचा आधार नाही, म्हणजे बहुतेक सरकारी भत्ते मिळणार नाहीत, असा शेरा. हा अन्यायच आहे. पण तुम्हाला मिळालं नाही म्हणून त्या केअर वर्करलाही मिळू नये, इथपर्यंत मी तुमच्याबरोबर येऊ शकत नाही. सहा महिन्यांचं भाडं आगाऊ मागण्याची प्रथा 2025 च्या भाडेकरू कायद्यानं बंद केली आहे. इंग्लंडमध्ये 1 मे 2026 पासूनच्या नव्या भाडेकरारांत एका महिन्यापेक्षा जास्त आगाऊ भाडं मागता येत नाही. पुण्या-नाशकाहून नव्यानं येणाऱ्या, इथे क्रेडिटचा इतिहास नसलेल्या आपल्या मुलामुलींना याचा उपयोग होईल. अर्थात आता घरमालक जामीनदारासाठी जास्त अडून बसतील, अशी मला भीती आहे.

तुम्ही विचारलंत, व्हिसावरच्या माणसाचं घर सुटलं तर त्यानं कुठे जायचं? काउन्सिलकडेच जायचं. बेघर होण्याबद्दलचा मोफत सल्ला त्या भागातल्या कुणालाही द्यावा लागतो, व्हिसा कोणताही असो. घरात मुलं असतील तर 1989 च्या चिल्ड्रेन ॲक्टचं कलम 17 आहे. त्याखाली सोशल सर्व्हिसेस, म्हणजे काउन्सिलचा समाजसेवा विभाग, राहण्याची सोय करू शकतात, पैशाची मदतही करू शकतात. फक्त एक सांगतो: घराचे पैसे स्वतः भरून टाकण्याआधी विचारा. भरून झाल्यावर परतफेड मागितली तर बहुतेक ठिकाणी नकार मिळतो.